रेघेच्या आत, रेघेच्या बाहेर

गेल्या वर्षीची दिवाळी आम्ही उभयतांनी वसंत ऋतूत साजरी केली. चेष्टा नव्हे! आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण अमेरिकेतल्या चिले देशात, सान्तियागो या राजधानीच्या शहरी असतात. पृथ्वीच्या त्या टोकाला ऋतू उलटे. आपल्याकडे अभ्यंगस्नानाच्या पहाटे अंगावर काटा येतो, तर तिथे हिवाळा नुकता सरून झाडांना पालवी फुटलेली. घड्याळही साडेआठ तास मागे. पुण्याहून धाकट्या बहिणीने लक्ष्मीपूजन आटोपून फोन केला, तेव्हा आमचा सकाळचा दुसरा चहा चालला होता. सूनबाईंनी चकल्या केल्या, त्या तेलात विरघळल्या आणि त्याचे खापर सर्वानुमते चिलेच्या तांदळावर फोडण्यात आले. रात्री बाराव्या मजल्यावरच्या गॅलरीत सौभाग्यवतींनी पणत्या लावल्या. समोर आन्देस पर्वताच्या माथ्यावर बर्फ चकाकत होते. म्हटले, हीही दिवाळीच.

परदेशी मुलाकडे गेलेल्या निवृत्त माणसापुढे एकच मोठा प्रश्न असतो : दिवसाचे करायचे काय? मुलगा ऑफिसात, नातू शाळेत, सासू-सुना स्वयंपाकघरात. आपण आपले या खोलीतून त्या खोलीत. शेवटी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, जरा पाय मोकळे करून या ना! समोर टेकडी आहे म्हणे." तिच्या बोलण्यात माझ्या प्रकृतीच्या काळजीपेक्षा मला घराबाहेर काढण्याची तळमळ अधिक होती, हे मी ओळखले. पण गेलो. आणि पुढले दोन महिने रोज जात राहिलो.

त्या टेकडीचे नाव सान्ता लुसिया. भर शहरात, मोठ्या हमरस्त्याच्या कडेला, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या शेजारी ती उभी आहे. उंची आजूबाजूच्या जमिनीपासून अवघी ६९ मीटर, म्हणजे आपल्या पर्वतीच्या तोडीची. पण पर्वती म्हणजे सरळ पायऱ्या, नि वर गेले की देवदर्शन. हिचे तसे नाही. वळणावळणाचे रस्ते, दगडी जिने, मध्येच एखादा सज्जा, मध्येच जुना बुरूज, कातळात कोरल्यासारखी बाके, आणि जिकडे तिकडे झाडी. प्रत्येक वळणावर शहराचे निराळे रूप दिसते. हे आपोआप होत नाही. हे कोणी तरी बसून, विचार करून, आखून केलेले असते.

मला हे चटकन जाणवले, कारण मी उभ्या आयुष्यात दुसरे काहीच केले नाही. एका नगरपालिकेच्या नगररचना खात्यात मी १९७४ साली ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि निवृत्त होईपर्यंत नकाशेच काढीत राहिलो. रस्ता कुठून न्यायचा हे साहेब ठरवीत, रेघ मी ओढीत असे. त्यामुळे कोणत्याही गावी गेलो, की देवळाआधी मला रस्त्याची आखणी दिसते. ही खोड आता जायची नाही.

टेकडीच्या वरच्या अंगाला एक छोटेसे प्रार्थनामंदिर आहे. तिथे एक थडगे आहे. ज्या माणसाने ही टेकडी घडवली तो इथेच चिरविश्रांती घेत आहे, एवढे मला पाटीवरच्या अक्षरांवरून आणि खाणाखुणांवरून उमजले. नाव : बेंहामिन विकुन्या माकेन्ना. संध्याकाळी घरी येऊन मी सूनबाईंना विचारले. त्यांनी दोन वर्षांत स्पॅनिश चांगले आत्मसात केले आहे. त्या म्हणाल्या, "बाबा, तो इथला जुना मेयर म्हणा ना! त्याची पुस्तकं आहेत, वाचून दाखवीन." आणि मग रोज रात्री जेवणे आटोपली, की भांडी आवरता आवरता, नातवाला झोपवता झोपवता त्या मला त्या गृहस्थाची कथा तुकड्या-तुकड्यांनी सांगू लागल्या. सौभाग्यवतीही वाती वळीत ऐकत बसत. वाचकहो, अशी कथा मी कादंबरीतही वाचलेली नाही.

हा माणूस १८३१ च्या ऑगस्टमध्ये सान्तियागोत जन्मला. घराणे मोठे. वडिलांचे वडील काही काळ देशाचे हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले. वडील पेद्रो फेलिक्स विकुन्या यांनी १८२७ साली वाल्पाराइसो बंदरात 'एल मेरकुरियो' हे वृत्तपत्र काढण्यात पुढाकार घेतला होता. आईचे वडील हुआन माकेन्ना हे मूळचे आयर्लंडचे. चिलेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते सेनापती झाले, आणि १८१४ साली ब्युनोस आयरेस येथे एका द्वंद्वयुद्धात मारले गेले. मारणारा लुईस कार्रेरा हाही स्वातंत्र्ययुद्धातलाच एक वीर. दोन देशभक्त घराण्यांत असे वैर पडलेले.

अशा घरातला मुलगा खुशाल वकिली करून, मळे सांभाळून सुखाने राहिला असता. पण १८५० साली सान्तियागोत 'समता मंडळ' नावाची एक संस्था निघाली. सुखवस्तू घरांतले तरुण आणि शहरातले कारागीर, म्हणजे शिंपी, चांभार, सुतार, एकत्र बसत आणि एकमेकांना 'नागरिक' म्हणून हाक मारीत. एकोणीस वर्षांचा बेंहामिन या मंडळाचा चिटणीस झाला. सरकारने मंडळावर बंदी घातली. पुढे २० एप्रिल १८५१ रोजी कर्नल उर्रिओला याने बंड केले, त्यात हा पोरगाही सामील झाला. बंडवाल्यांनी तोफखान्याच्या बराकीवर हल्ला केला. ती बराक कुठे होती म्हणता? याच सान्ता लुसिया टेकडीच्या पायथ्याशी! लढाई काही तासांत संपली, उर्रिओला तिथेच पडला, आणि आमचे नायक तुरुंगात गेले.

तुरुंगातून त्यांची सुटका ऐकताना आपल्याला आग्ऱ्याचे पेटारे आठवावेत. इथे पेटारे नव्हते, बायकांचे कपडे होते. जुलै १८५१ मध्ये स्त्रीवेष घेऊन ते पहारेकऱ्यांच्या देखत निसटले. बरोबर आणखी एक कैदी तसाच वेष करून निघाला. त्याचे नाव होसे मिगेल कार्रेरा, म्हणजे ज्याने बेंहामिनच्या आजोबांना द्वंद्वात मारले त्या लुईस कार्रेराचा सख्खा पुतण्या. सौभाग्यवतींच्या हातातली वात तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "आजोबांच्या वैऱ्याचा पुतण्या, आणि दोघं लुगडी नेसून एकत्र पळाले!" लुगडी नव्हेत, झगे. पण मुद्दा बरोबर होता. पुढे याच माणसाने कार्रेरा बंधूंच्या हालअपेष्टांवर एक मोठे सहृदय पुस्तकही लिहिले. वैर जपून ठेवायचे नाही, हा त्याचा स्वभाव मला फार आवडला.

बंड फसल्यावर १८५२ च्या अखेरीस तो देशाबाहेर पडला. कॅलिफोर्नियात सोन्याची धामधूम चाललेली, ते पाहिले. मेक्सिको, अमेरिकेची संस्थाने, युरोप असे तीन वर्षे हिंडला, आणि मध्यंतरी इंग्लंडात सायरन्सेस्टरच्या कॉलेजात शेतीचा अभ्यास केला. परत येऊन प्रवासाची रोजनिशी छापली, वर्तमानपत्र काढले आणि १८५८ च्या अखेरीस पुन्हा अटक करून घेतली. या खेपेला सरकारने युक्ती केली. मार्च १८५९ मध्ये त्याला आणि त्याच्या तिघा सोबत्यांना एका इंग्रजी जहाजावर चढवले आणि कप्तानाला पैसे देऊन सांगितले, की यांना थेट लिव्हरपूलला नेऊन सोडा. पण लिव्हरपूलला उतरताच या मंडळींनी त्या कप्तानावर खटला भरायला लावला. चिलेच्या हद्दीत जे झाले ते झाले, पण भर समुद्रात इंग्रजी जहाजावर आम्हाला कैदेत ठेवण्याचा तुला अधिकार काय, असा सवाल. आणि कप्तान दोषी ठरला! इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांत तो खटला आजही दाखला म्हणून सापडतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. देशात परत आला, इतिहासाचे ग्रंथ लिहू लागला, कायदेमंडळात गेला. १८६५ साली स्पेनशी युद्ध जुंपले तेव्हा चिलेचा वकील म्हणून न्यू यॉर्कला गेला. १८६७ साली विक्तोरिया सुबेरकासो या नात्यातल्याच श्रीमंत मुलीशी लग्न झाले. १८७० साली पुन्हा युरोप. पॅरिस त्याने तरुणपणी पाहिले होते. आता तिथले नवे रुंद रस्ते, बागा, दुतर्फा झाडी हे सगळे पाहिले आणि डोक्यात एकच वेड घेऊन तो परतला : आपले सान्तियागो असे का असू नये?

एप्रिल १८७२ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला सान्तियागोचा 'इंतेंदेन्ते' नेमले. हे पद आपल्या हिशेबाने सांगायचे, तर नगराध्यक्ष, म्युनिसिपल कमिशनर आणि कलेक्टर या तिघांना एका खुर्चीत बसवावे तसे. त्या वेळी शहराची वस्ती लाख-दीड लाख. रस्ते धुळीचे, गटारे उघडी, पाणी गढूळ, आणि त्यात देवीची साथ. या गृहस्थाचे वय एक्केचाळिशीच्या उंबरठ्यावर. दोन-तीन महिन्यांत त्याने शहराच्या कायापालटाची योजना पुस्तकरूपाने छापून काढली. तीत वीस कलमे. पिण्याचे पाणी, फरसबंदी, शाळा, बाजार, खाटिकखाने, बंद रस्ते उघडणे, मापोचो नदीला दगडी काठ बांधणे, काही सोडले नाही. आमच्या खात्यात एक विकास आराखडा मंजूर व्हायला किती वर्षे लागत, ते मी इथे सांगत नाही. दिवाळीत वाईट बोलू नये.

आणि ती टेकडी! तेव्हा ती नुसता उघडाबोडका खडक होती. वर स्पॅनिश अमदानीतला १८१६ च्या सुमाराचा किल्ला, उतारावर दगडांच्या खाणी आणि कचरा. आणखी एक गोष्ट तिथे होती. ज्यांना पवित्र भूमीत जागा मिळत नसे, म्हणजे कॅथलिक नसलेले परदेशी आणि आत्महत्या केलेले दुर्दैवी जीव, त्यांना शहराने पन्नास वर्षे या टेकडीच्या पूर्वेच्या उतारावर पुरले होते. जून १८७२ मध्ये काम सुरू झाले. सुरुंग लावून खडक फोडला, निघालेला दगड रस्त्यांच्या फरसबंदीला लावला. मजुरांबरोबर तुरुंगातले कैदीही कामाला लावले. सप्टेंबरात, राष्ट्रीय सणाच्या तोंडावर, पहिला समारंभ झालासुद्धा. पुढली दोन वर्षे काम चालू राहिले. सरकारी पैसा पुरेना तेव्हा वर्गणी मागितली, आणि तीही पुरेना तेव्हा स्वतःच्या खिशात हात घातला. किल्ल्यात जुन्या वस्तूंचे संग्रहालय मांडले. १८७४ साली टेकडीच्या छायाचित्रांचा एक देखणा संग्रहही छापला.

आणि त्या उतारावरल्या प्रेतांचे काय केले? त्यांचे अवशेष सन्मानाने दफनभूमीत हलवले, आणि त्या जागी स्मारक उभारले : स्वर्गातून आणि पृथ्वीवरून हद्दपार झालेल्यांसाठी. या अर्थाची अक्षरे त्यावर कोरली. स्वतः दोनदा देशोधडीला लागलेल्या माणसालाच असे शब्द सुचणार. ज्या संध्याकाळी सूनबाईंनी हे वाचले, त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात त्या नगरप्रमुखाला नमस्कार केला. म्हटले, असा साहेब मला मिळायला हवा होता.

धनिकांकडून काम करवून घेण्याचीही त्या काळी चाल पडली. लुईस कोसिन्यो या कोळशाच्या खाणींच्या मालकाने लष्कराच्या कवायतीच्या माळावर स्वतःच्या पैशाने मोठे उद्यान करून दिले, ते १८७३ मध्ये खुले झाले. आज त्याला ओ'हिगिन्स उद्यान म्हणतात. शहराचा लोखंडी छपराचा मोठा बाजारही १८७२ सालीच उघडला. आपल्या मुंबईतही क्रॉफर्ड साहेबाने त्याच सुमारास बाजार बांधला आणि खर्चाच्या बोंबेपायी १८७१ साली पद सोडले. शहर सुधारणारांच्या कुंडलीत खर्चाचा ग्रह सगळीकडे सारखाच वक्री दिसतो.

इथवर सारे गोड होते. मग एका रात्री सूनबाई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "बाबा, हे जरा वेगळं आहे."

त्या वीस कलमांत एक कलम होते वळशाच्या रस्त्याचे, 'कामिनो दे सिन्तुरा'. सिन्तुरा म्हणजे कंबर. शहराच्या कमरेला पट्टा बांधावा तसा, सभोवार झाडे लावलेला एक रुंद रस्ता. नकाशावर किती सुंदर दिसला असेल! पण त्याचे कारण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. या रस्त्याने शहराची हद्द ठरेल. आतले ते खरे शहर : दिवे, पाणी, फरसबंदी, पोलीस, सगळे त्याच्यासाठी. बाहेरच्या वस्त्यांना शहराच्या सोयींवर तसा हक्क राहणार नाही. शिवाय दुतर्फा झाडी असल्याने बाहेरच्या रोगट हवेपासून आतल्यांचे रक्षण होईल. दक्षिणेकडच्या गरिबांच्या झोपड्यांबद्दल त्याने जे शब्द वापरले आहेत ते सूनबाईंना मोठ्याने वाचवेनात. रानटी लोकांचा तळ, रोगराई आणि गुन्ह्यांचे गटार, अशा जातीचे ते शब्द. त्या झोपड्या पाडाव्यात, हाही उपाय त्यात आला.

सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे ज्या चांभारा-सुतारांना हा नागरिक म्हणायचा, त्यांनाच बाहेर काढलं?"

मी काही बोललो नाही. आत जाऊन पडलो. पण झोप लागेना. कारण मला एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती मी घरात कधी कोणाला सांगितली नव्हती.

ती गोष्ट १९७९ सालची. आमच्या कार्यालयात दुपारी एक मावशी चहा घेऊन येत. पितळी किटली, पेले अडकवलेली तारेची जाळी, डोक्यावरून पदर. मी टेबलावर ओणवा असलो की त्या पेला हाताशी ठेवायच्या नाहीत, बाजूच्या स्टुलावर ठेवायच्या. "शाईवर सांडलं तर समदा दिस वाया जाईल तुमचा," म्हणायच्या. कागदाची किंमत त्या बाईला आमच्या शिपायापेक्षा अधिक कळत होती. त्या वर्षी गावाबाहेरून एक नवा रस्ता काढायचे ठरले होते. साहेबांनी पेन्सिलीने खूण केली, मी ट्रेसिंगवर लाल शाईच्या दोन रेघा ओढल्या. मोजणीच्या कागदावर त्या दोन रेघांच्या मध्ये तुटक ठिपक्यांचे बारीक चौकोन होते. शेजारी लिहिले होते : कच्ची बांधकामे. शंभर-सव्वाशे चौकोन असतील. मी ते मोजले नाहीत. मोजण्याचे काम माझे नव्हते.

एक दिवस पेला ठेवून मावशी गेल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "दादा, रस्त्याची रेघ तुमीच मारता म्हनं. आमचं घर आत का भाईर?"

रेघ चार दिवसांपूर्वीच ओढून झाली होती. त्यांची वस्ती कुठली हे मला ठाऊक होते. कागद माझ्यासमोर पसरलेला होता. बाईला वाचता येत नव्हते. मी म्हणालो, "अजून ठरलं नाही, मावशी."

"ठरलं की सांगा," म्हणाल्या आणि किटली उचलून गेल्या. पुढे आठ-दहा महिने त्या चहा आणीत होत्या. पुन्हा त्यांनी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. मग एक दिवस दुसराच पोरगा किटली घेऊन आला. रस्ता झाला. चांगला झाला. मी त्यावरून स्कूटरने कित्येकदा गेलो आहे.

मी कोण? एक साधा ड्राफ्ट्समन. मी न ओढता तर रेघ शेजारच्या टेबलावरच्याने ओढली असती. ही सबब मी स्वतःला पंचेचाळीस वर्षे देत आलो, आणि ती खोटीही नाही. पण रेघेची गोष्ट वेगळी आणि त्या उत्तराची वेगळी. घर आवरायला, दुसरी जागा बघायला त्या बाईला आठ-दहा महिने मिळाले असते. ते मी दिले नाहीत. केवळ तोंड वर करून खरे बोलण्याची लाज वाटली म्हणून.

त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. मावशींच्या बाबतीत रेघेच्या आत असणे वाईट होते, सान्तियागोत रेघेच्या बाहेर असणे वाईट. म्हणजे रेघ कशीही आखा, गरीब माणूस नेमका नको त्या अंगाला सापडतो. आणि आखणारा दरवेळी दुष्टच असतो असेही नाही. बेंहामिन विकुन्या माकेन्ना दुष्ट नव्हता. पैसेखाऊ तर मुळीच नव्हता. मेलेल्या परक्यांसाठी त्याचे काळीज द्रवले. त्याला शहर सुंदर करायचे होते, आणि साथ अडवायचीही होती. पण नकाशासमोर उभे राहिले, की माणसे ठिपक्यांएवढी दिसू लागतात. तुरुंग भोगलेल्यालाही तशी दिसली, मग आमच्यासारख्यांची काय कथा!

त्याची पुढली कथाही ऐका. १८७५ च्या एप्रिलमध्ये त्याने पद सोडले आणि राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. त्या काळी तिथे सरकारला हवा तोच उमेदवार निवडून येई. या गृहस्थाने आगगाडीने गावोगाव फिरून सभा घेतल्या. लोकांचा उमेदवार म्हणून त्याचे नाव झाले. पण सरकारी यंत्रणेपुढे निभाव लागेना, तेव्हा ऐन वेळी माघार घेतली, आणि १८७६ मध्ये आनिबाल पिन्तो राष्ट्राध्यक्ष झाले. मग हा पुन्हा लेखणीकडे वळला. १८७९ ला पेरू-बोलिव्हियाशी युद्ध सुरू झाले तेव्हा सैनिकांच्या निराधार कुटुंबांसाठी खटपट केली. शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. २५ जानेवारी १८८६ रोजी, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी, सान्ता रोसा दे कोल्मो या आपल्या मळ्यावर वारला. ज्या टेकडीच्या पायथ्याशी तो एकोणिसाव्या वर्षी बंडात उतरला होता, तिच्याच माथ्यावर त्याला ठेवले.

आणि त्या रस्त्याचे काय झाले? तो पुरा झाला नाही. तुकड्या-तुकड्यांनी झाला. पूर्वेकडच्या तुकड्याला आज त्याचेच नाव आहे : विकुन्या माकेन्ना हमरस्ता. तो स्वतःही याच रस्त्यावर राहत असे, तिथे आता त्याच्या नावाचे संग्रहालय आहे. शहर मात्र त्या पट्ट्यात मावले नाही. आज सत्तर लाखांवर वस्ती आहे, आणि त्याची वेस केव्हाच शहराच्या पोटात गेली आहे. तरी रेघ गेली असे म्हणवत नाही. हा रस्ता जिथे सुरू होतो त्या चौकाला प्लासा इतालिया किंवा बाकेदानो म्हणतात. सान्तियागोचे लोक आजही माणसाची ऐपत सांगताना, तो या चौकाच्या वरच्या अंगाला राहतो की खालच्या, असे बोलतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये भुयारी रेल्वेचे भाडे ३० पेसोंनी वाढले आणि साऱ्या देशात वणवा पेटला. २५ ऑक्टोबरला दहा लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर आली, ती याच चौकात. सेनापती बाकेदानोचा पुतळा मार्च २०२१ मध्ये तिथून हलवावा लागला. भांडण ३० पेसोंचे नव्हते, हे तिथले लहान मूलही सांगेल. आत कोण आणि बाहेर कोण, याचे होते.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. सगळी मंडळी मिळून टेकडीवर गेलो. नातू पुढे धावत होता, सौभाग्यवती प्रत्येक वळणावर बसत होत्या. रविवारी तिथे मोठी गर्दी. मुलाबाळांसकट कुटुंबे, फुगे, खाऊ. कपड्यांवरून नि बोलण्यावरून ही बहुतेक माणसे दूरच्या उपनगरांतली, असे चिरंजीव म्हणाले. पायथ्याशी एक वयस्क बाई हातगाडीवर 'मोते कॉन वेसियो' विकत होती. हे तिथले पेय. गोड पाकातला सुकवलेला पीच आणि त्यात शिजवलेला गहू. आपल्या खिरीची लांबची चुलत बहीण म्हणा. तिने पेला माझ्या हातात दिला नाही. मी चष्मा पुसत होतो ते पाहून बाजूच्या कठड्यावर ठेवला.

माझ्या छातीत काही तरी हलले. मी सूनबाईंना म्हटले, "त्यांना विचारा, कुठं राहतात."

बाई हसून म्हणाली, ला फ्लोरिदाला. ते दक्षिणेकडचे दूरचे उपनगर. रोज येता कशा? तिने हात लांब करून दाखवला. विकुन्या माकेन्ना रस्त्याने, म्हणाली. सरळ, अगदी सरळ.

तो रस्ता आता वेस राहिलेला नाही. तो शहराबाहेर लांबवर वाढत वाढत त्या बाईच्या दारापर्यंत पोचला, आणि तिला रोज शहरात आणून सोडतो. आखणाऱ्याच्या मनात हे नव्हते. पण त्याने केलेल्या टेकडीवर आज तीच माणसे रविवार घालवतात, ज्यांना त्याने रेघेबाहेर ठेवले होते. वर त्याच्या थडग्याजवळून मी शहर पाहिले. छपरे, झाडे, मनोरे, पलीकडे बर्फाचे डोंगर. पुष्कळ वेळ शोधले, पण वरून त्याची रेघ काही दिसली नाही.

घरी परतताना गाडीत मी सर्वांना मावशींची गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने सौभाग्यवती म्हणाल्या, "तेव्हाच मला सांगायचं होतंत. मी गेले असते त्यांच्याकडं."

हे मला पंचेचाळीस वर्षांत सुचले नव्हते. पुण्याला आल्यावर मी त्या रस्त्यावर गेलो, दोन-तीन जुन्या चहावाल्यांकडे चौकशी केली. कोणाला ठाऊक नव्हते. मावशींचे नावसुद्धा मी कधी विचारले नव्हते, त्यामुळे चौकशी तरी कशी करणार! तरीही उत्तर द्यायचे राहिले आहे, ते इथे देऊन ठेवतो. मावशी, घर आत होते. मला माहीत होते.